पालकांचा बाक

तरन्नुमच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ते आलं तेव्हा घरात आंब्यांचा वास होता, आणि पुढे दिवाळीचा फराळ संपला तरी ते टेबलावरच्या जाड शब्दकोशात तसंच पडून होतं. उत्तर लिहायला मी बसलो नाही असं नाही. पुष्कळदा बसलो. पहिला कागद फार औपचारिक झाला, दुसरा फार सलगीचा. तिसऱ्यात मी नकार देत होतो की होकार, हे वाचून माझं मलाच कळेना. एकदा चहाचा कप ठेवता ठेवता हिरा, माझी बायको, म्हणाली, "पत्राचं उत्तर लिहिताय, की सुधारून वाढवलेली आवृत्ती काढताय?"

तरन्नुम आमच्या वाचनालयात यायची तेव्हा परकरात होती. येरवड्यातल्या त्या सार्वजनिक वाचनालयात मी निवृत्त होईपर्यंत ग्रंथपाल होतो. बालविभाग वाचून संपल्यावर ती मोठ्यांच्या कपाटाकडे बोट दाखवून उभी राहायची, आणि मी काही न बोलता कुलूप काढायचो. बोलणं मला तेव्हाही जमत नव्हतं. आता ती गाडीतळाच्या मागच्या एका शाळेत शिक्षिका आहे आणि तिथला संगणक वर्ग सांभाळते.

पत्रात तिनं लिहिलं होतं की शाळेत एक खोली केली आहे. जुने पण चालू संगणक आहेत आणि भिंतीवरच्या फळीवर एक छोटा डबा आहे. सगळे संगणक त्या डब्याला जोडलेले, आणि डबा बाहेर कशालाच जोडलेला नाही. ज्ञानकोश, धडे, चित्रं, पुस्तकं, असं पुष्कळ काही आत भरलेलं आहे. मुलं त्यात शोधतात, लिहितात, चित्रं काढतात, छोटे प्रोग्रॅम करतात. इंटरनेट मात्र नाही, कारण पालकांना ते नको होतं. शेजारच्या वस्तीत एका मुलीच्या फोटोवरून काही वाईट घडलं होतं आणि घराघरांतून मुलींना संगणकाला हात लावायची बंदी झाली होती. बाहेरचं काही आत येणार नाही आणि आतलं बाहेर जाणार नाही, अशी खोली करते म्हटल्यावर आया तयार झाल्या.

"पण सर," असं पुढं होतं, "पुस्तकं आहेत आणि सूची नाही, असं झालंय. मुलं घरातल्या शब्दांनी शोधतात आणि डब्यात पुस्तकी शब्द आहेत. आपण कार्डांवर 'पाहा' लिहून ठेवायचात, तसं इथं कुणीतरी करायला हवं. मला दुसरं नाव सुचत नाही. आपण याल का?"

'पाहा' म्हणजे काय ते सांगतो. वाचनालयाच्या सूचीत एखादा माणूस 'कावीळ' शोधायला आला आणि पुस्तक 'यकृताचे विकार' या नावाखाली लावलेलं असलं, तर त्यानं रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून 'कावीळ' नावाचं एक कार्ड करून त्यावर 'यकृताचे विकार पाहा' असं लिहून ठेवायचं. मला ते काम आवडायचं. तो माणूस माझ्यासमोर न येताच मला त्याच्याशी बोलता यायचं.

तरीही मी उत्तर दिलं नाही. मला संगणक येत नाही. फोनवर नातीचा व्हिडिओ कॉल आला की मी बराच वेळ तिला माझा कान दाखवत असतो. उद्या त्या खोलीत एखाद्या मुलानं काही विचारलं आणि मला ते आलं नाही, तर तरन्नुमची मान खाली जायची.

शेवटी मी ठरवलं की कागदावरचा नकार रुक्ष वाटतो, समक्ष जाऊन सांगावं. दिवाळीनंतर शाळा सुरू झाली त्या आठवड्यातल्या शनिवारी धुतलेला सदरा घालून निघालो. वाटेत वाक्य पाठ केलं: "तुझी आठवण वाचून आनंद झाला, परंतु." परंतुच्या पुढचं तिथं गेल्यावर सुचेल असं वाटलं होतं.

फाटकाशी शाळेच्या शिपाई मालनबाई बसल्या होत्या. मला बघून उठल्याच.

"आलात? कंटाळले वाट बघून. फरहतचे नाना ना?"

मी म्हणालो की नाही, म्हणजे, ते एक पत्र होतं.

"पत्र नको आजोबा, माणूस हवा. मागच्या वेळी पण निरोपच आला होता. चला, तास सुरू झालाय."

एवढ्यावर कुणीही शांतपणे आपलं नाव सांगितलं असतं. मी घसा साफ केला, तोवर त्या व्हरांड्याच्या टोकाला पोचल्या होत्या, आणि बाईमाणसाला मागून हाक मारणं मला बरं वाटेना. मी त्यांच्या मागून चालत राहिलो. दारावर एक पाटी होती: 'या खोलीत इंटरनेट नाही. खिडकीत उभे राहूनही येणार नाही.' मालनबाईंनी अभिमानानं सांगितलं की मजकूर त्यांचा आहे.

खोलीच्या मागच्या भिंतीला एक लांब बाक होता. मालनबाईंनी तो माझ्यासाठी पदरानं झटकला आणि मी बसलो.

तो पालकांचा बाक होता, हे मला बसल्यावर कळलं. त्याच्या वर एक छापील कागद चिकटवला होता. संगणकाच्या तासाला एका घरचं एक मोठं माणूस तिथं बसणार, पाळीपाळीनं. मुलांच्या पडद्यांवर काय आहे ते त्यानं बघायचं. शिकवायचं नाही, ओरडायचं नाही. हा नियम पालकांनीच केला होता, कारण शाळेवर विश्वास असला तरी डोळ्यांनी बघितलेलं बरं. ज्या घरानं दोनदा पाळी चुकवली त्या घरच्या मुलाची खुर्ची यादीत थांबलेल्या पुढच्या मुलाला मिळणार. संगणक थोडे आणि मुलं जास्त, त्यामुळे यादी होती.

मी उठायला हवं होतं. गुडघ्यावर हात ठेवून उठतच होतो, तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक मुलगी वळली. आठवीतली असावी, दोन वेण्या, चष्मा. तिनं आधी बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कुणीतरी आपल्या खुर्चीला हात घातल्यासारखा तिचा चेहरा झाला. मग तिनं दारात उभ्या असलेल्या मालनबाईंकडे पाहिलं आणि मोठ्यानं विचारलं, "पाणी आणू का, नाना?"

मी नको म्हणालो, आणि तेवढ्यानं मी तिचा नाना झालो.

तरन्नुम त्या दिवशी प्रशिक्षणासाठी शहरात गेली होती. वर्गावर तेजस नावाचे तरुण शिक्षक होते; ते एका मुलाच्या अडलेल्या माउसशी झटत होते. मुलं प्रत्येकी एक पान तयार करत होती. विषय ज्याचा त्यानं निवडायचा आणि वर्षाच्या शेवटी चांगली पानं डब्यात ठेवायची, पुढच्या मुलांना वाचायला. फरहतच्या पानाचं नाव होतं 'खडकवासल्यापासून आमच्या नळापर्यंत'. धरणाचं चित्र तिनं स्वतः काढलं होतं. पाण्यात एक बदक होतं, भिंतीच्या निम्म्या उंचीचं.

ती काहीतरी शोधत होती. मी पुढं वाकून वाचलं. तेवढा अधिकार बाकाला होता. 'पाण्यात औषध का टाकतात.' डब्याला काही सापडलं नाही. 'नळाला वास का येतो.' तेही नाही. ती पुन्हा पुन्हा शब्दांची जागा बदलत होती. सूचीच्या खणांसमोर अशा पुष्कळ पाठी मी पाहिल्या आहेत. अजून दोनदा बघायचं आणि मग काही न विचारता निघून जायचं, अशा त्या असतात.

"निर्जंतुकीकरण," मी म्हणालो.

ती वळली नाही. तिनं तो शब्द हळूहळू टाइप केला आणि पडदा भरून गेला. टाक्या, गाळण्या, क्लोरीन, सगळं आलं. शेजारच्या मुलीनं ते पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आजोबा, हगवणीला काय म्हणतात?" मी 'अतिसार' सांगितलं. मग एकानं 'गाडीचं इंजिन गरम का होतं' विचारलं. ते मला आलं नाही, आणि तसं सांगून टाकलं. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. तो म्हणाला, "सरांना पण नाही येत." तेजस सरांनी तिकडून मान हलवून कबूल केलं.

तास कधी संपला ते मला कळलं नाही. आपल्याला इथं नको म्हणायचं होतं, याची आठवण फाटकाबाहेर आल्यावर झाली.

फरहत मागून धावत आली. आधी थँक यू म्हणाली, मग मी कोण आहे ते विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली की तुम्हाला बाकावर बघितल्यावरच मला घोटाळा कळला होता, पण तुम्ही बोलला असता तर आज माझी खुर्ची गेली असती, ही दुसरी वेळ होती. आई, सलीमा, दवाखान्यात दिवसपाळीला असते, वडील कंपनीची बस चालवतात. घरी दुपारी मोकळे असतात ते फक्त नाना, आणि नाना येत नाहीत. आधी पाळी शुक्रवारी होती तेव्हा नमाजचं कारण होतं. मॅडमनी शनिवार दिला, तर ते कारण न सांगताच येत नाहीत.

"पुढच्या पाळीला याल?" तिनं विचारलं. "फक्त माझं पान पूर्ण होईपर्यंत."

मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. जाता जाता नानांचं नाव विचारलं. अमीन, ती म्हणाली; बुकबायंडिंगचं दुकान आहे.

घरी येऊन मी हिराला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटता लाटता इतकी हसली की पोळी वेडीवाकडी झाली. "एक पत्र लिहायला जमेना आणि नात घेऊन आलात," म्हणाली. मलाही हसू आलं. खरं सांगायचं तर फार दिवसांनी मला इतकं बरं वाटत होतं.

मग तिनं तवा उतरवला आणि हात पुसत म्हणाली, "पण अहो, त्या बाकावर तुमच्याऐवजी दुसराच कुणी जाऊन बसला असता तर?"

त्या खोलीत बाहेरची तार येऊ नये म्हणून एवढी काळजी घेतलेली. आया कामं टाकून बाकावर बसतात. आणि एक अनोळखी म्हातारा दारातून आत गेला, मुलींच्या मागं बसला, त्यांच्या पडद्यांत वाकून बघितलं, आणि कुणी त्याचं नाव विचारलं नाही. तो म्हातारा मी होतो, म्हणून काही बिघडलं नाही, एवढंच. हे तरन्नुमला सांगायलाच हवं होतं. पण सांगितलं की फरहतची दुसरी पाळी चुकली असं ठरणार, आणि खुर्ची जाणार.

बरेच दिवस मी त्याच विचारात होतो. नुसतं खरं सांगून मोकळं होणं सोपं होतं; त्याची किंमत मात्र त्या मुलीनं दिली असती. आधी तिच्या खऱ्या नानांना भेटावं असं मनात आलं.

अमीनभाईंना मी ओळखत होतो. ओळखत होतो म्हणजे आमच्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं त्यांच्याकडे गाठोड्यात जात आणि नवी होऊन येत. कितीतरी वर्षं हे चाललं, पण गाठोडं नेणारा माणूस दुसरा होता, त्यामुळे आम्ही एकमेकांशी बोललो होतो ते मोजकंच. दुकान तिथंच होतं, मशिदीच्या गल्लीत. आता तिथं लग्नपत्रिका आणि कॉलेजच्या प्रोजेक्टांचं काम जास्त असतं. ते एका जुन्या पोथीला टाके घालत बसले होते.

"ओहोळसाहेब," त्यांनी लगेच ओळखलं. "वाचनालय विकलं की काय?"

मी बसलो. सरळ मुद्द्यावर येणं मला जमत नाही, पण त्या दिवशी फिरवून बोलायलाही काही सुचेना, म्हणून जे घडलं ते पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी सुई थांबवली नाही. सगळं ऐकून घेतल्यावर दोरा तोडून म्हणाले, "म्हणजे माझ्या जागी तुम्ही बसलात. आणि चांगले बसलात, असं दिसतंय."

मी माफी मागितली. ती त्यांनी हातानंच उडवून लावली. तुम्ही का जात नाही, असं मी विचारलं तेव्हा मात्र त्यांनी पोथी बाजूला ठेवली.

"मी गेलो नाही ते आळसानं नाही, साहेब. त्या पडद्यावरचं मला काही कळत नाही. मी तिथं बसलो की बाकीच्या पोरींच्या आया म्हणणार, आज अमीनचाचा आहेत, काळजी नाही. आणि मी काय बघणार? चांगलं काय, वाईट काय, मला ओळखूच येणार नाही. नुसतं बसायचं आणि राखण केल्यासारखं दाखवायचं, ही फसवणूक झाली. ती माझ्यानं होत नाही. पोरीला हे सांगायला लाज वाटते, म्हणून काही बोललो नाही."

हे कुठंतरी वाचलंय असं मला वाटलं. मग आठवलं की माझ्या तिसऱ्या कागदावर साधारण हेच होतं, फक्त शब्द लांबलचक होते.

त्यांना समजावण्याइतकं मलाही त्यातलं कळत नव्हतं. समोर सुट्या पानांचा एक गठ्ठा होता आणि शेजारी शिवलेलं एक पुस्तक. मी म्हणालो की बाहेरचं इंटरनेट म्हणजे ही सुटी पानं. कुठलं पान कुठून उडत येऊन पोरांच्या मांडीवर पडेल सांगता येत नाही. तिथं राखण करायला जाणकारच लागेल. शाळेतला डबा मात्र बांधलेलं पुस्तक आहे. जेवढी पानं आत घातली तेवढीच. वाऱ्यानं नवीन पान येत नाही.

अमीनभाईंनी ते शिवलेलं पुस्तक उचललं, कणा अंगठ्यानं दाबून पाहिला. ती त्यांची सवय होती.

"शिवण कोणी तपासली?"

"तरन्नुमनं."

"तुम्ही?"

"मला तपासता येत नाही."

"मग आपण दोघं सारखेच," ते म्हणाले. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "शनिवारी किती वाजता असतं ते?"

शनिवारी आम्ही दोघं गेलो. फरहतची पाळी नव्हती, पण कबुलीला पाळी लागत नाही. मालनबाईंनी आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मी म्हणालो की हे फरहतचे नाना. त्यांनी विचारलं, "मग तुम्ही कोण?" एवढ्या सरळ प्रश्नाला मी पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं, दशरथ ओहोळ. मालनबाई आपल्या स्टुलावर बसल्या. "इतकी वर्षं फाटकावर आहे," त्या म्हणाल्या. "डबे विसरलेली पोरं ओळखते, पळून जाणारी पोरं ओळखते. एक आजोबा नाही ओळखता आला."

तरन्नुम आत होती. मला पाहून तिचा चेहरा फुलला, आणि मी बोलायला लागल्यावर हळूहळू उतरत गेला. त्या दिवशी बाकावर हेमा नावाच्या बाई होत्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या. त्यांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो, कारण बाक त्यांचा होता. फरहत खुर्चीत ताठ बसून राहिली होती. तिच्या पडद्यावरचं बदक आता लहान झालं होतं.

तरन्नुमनं बाकावरच्या छापील कागदाकडे पाहिलं. मग म्हणाली, "नियम माझा नाही, पालकांचा आहे. मी माफ करू शकत नाही, सर. हेमाताई, तुम्ही सांगा."

हेमाताई अवघडल्या. त्यांचा मुलगा साई यादीत पहिला होता. फरहतची खुर्ची सुटली की ती त्यालाच मिळणार होती. हे त्यांनी स्वतःच सांगितलं आणि म्हणाल्या की म्हणून मी बोलणं बरोबर नाही. तरन्नुम म्हणाली, म्हणूनच तुम्ही बोला.

हेमाताईंनी बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"साईला खुर्ची हवीय. पण अशी नको," त्या म्हणाल्या. "पोरीची पाळी चुकली, ती नानांनी भरून काढावी. लागोपाठ दोन शनिवार बसावं, आणि पुढं चुकवू नये. मला खुर्चीचं एवढं नाही वाटत, मॅडम. दाराचं वाटतं. आत काय येतं ते सगळे बघतोय आपण, आणि आत कोण येतं ते कुणीच बघत नाही."

तिथल्या तिथं ठरलं की प्रत्येक मुलाच्या नावाचं एक कार्ड करून त्यावर घरच्या माणसांचे फोटो लावायचे, आणि कार्ड मालनबाईंच्या हातात दिल्याशिवाय आत कुणी जायचं नाही. मालनबाई दारातूनच म्हणाल्या, "शिक्षण अधिकारी आले तरी?" हेमाताई म्हणाल्या, "त्यांचं मूल आहे का या वर्गात?"

फरहतनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. मागं वळून तिनं कुणाकडेच पाहिलं नाही.

अमीनभाई मात्र अजून बाकावर बसायला तयार नव्हते. त्यांना आधी शिवण बघायची होती. तेजस सरांनी डबा फळीवरून खाली काढला. त्यातून निघालेली प्रत्येक तार अमीनभाईंनी बोटानं धरून, खोलीभर चालत, ती कुठं जाते ते पाहिलं. एकही भिंतीच्या पलीकडे जात नव्हती. मग त्यांनी सरांना आजच्या क्रिकेट सामन्याचा स्कोअर दाखवायला सांगितलं. सरांनी शोधून पाहिला, सापडला नाही. शेजारच्या घरातून काही हवेतून येत असेल तर, असंही त्यांनी विचारलं, आणि संगणकांचा तो भाग बंद करून ठेवला आहे हे सरांनी एकेक पडद्यावर दाखवलं. मी मागून चालत होतो. मला तो मुद्दा सुचलाच नव्हता.

"ठीक आहे," अमीनभाई म्हणाले आणि हेमाताईंच्या शेजारी टेकले. थोड्या वेळानं उठून फरहतच्या मागं जाऊन उभे राहिले. तिचं पान त्यांनी खालीवर करायला लावून पूर्ण बघितलं.

"डावीकडे जागा सोड," ते म्हणाले. "शिवणीला."

"नाना, हे शिवत नाहीत."

"तरी सोड."

तिनं सोडली. पान खरंच चांगलं दिसायला लागलं, असं मला वाटलं. पण माझं मत विचारलं नव्हतं.

तास संपत आला तेव्हा मागच्या रांगेतल्या एका मुलानं, ज्याला इंजिन हवं होतं त्यानंच, मला विचारलं की सुईच्या भोकाला दुसरा शब्द काय. मी उत्तर द्यायला पुढं झालो, तर तरन्नुम मध्ये आली. ती हसत होती, पण हटली नाही.

"सर, आपल्याला इथं थांबता येणार नाही. आपलं मूल नाही या वर्गात, म्हणजे बाकावर जागा नाही. आणि बाहेरच्या माणसाला शाळेनं आधी लेखी विचारलेलं असावं लागतं, आणि त्यानं लेखी कळवलेलं. विचारलेलं तर आहे."

मी म्हणालो की आत्ता इथंच कागदावर लिहून देतो.

"मी पोस्टानं पाठवलं होतं," ती म्हणाली. "पोस्टानंच येऊ द्या. वाट बघायची सवय झालीय आता."

मालनबाईंनी मला फाटकापर्यंत पोचवलं आणि माझ्यामागं कडी घातली, जरा मुद्दामच मोठ्यानं. बाहेर अमीनभाई म्हणाले की साईचं लवकर होईल. सरांकडे एक बंद पडलेला संगणक आहे, तो सुरू होईल म्हणतात. आम्ही गाडीतळापर्यंत बरोबर चाललो. फार बोललो नाही. त्यांना दुकान उघडायचं होतं.

घरी येऊन मी शब्दकोशातून तिचं पत्र काढलं, पुन्हा वाचलं, आणि कोरा कागद घेतला. हिरानं लांबूनच विचारलं, किती आवृत्त्या होतील. मी म्हणालो, एकच. तिचा विश्वास बसला नाही. ती चष्मा लावून माझ्यामागं येऊन उभी राहिली, आणि मी लिहिलं ते असं:

"चि. तरन्नुम, अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला. मला संगणक येत नाही; 'पाहा' लिहिता येतं. डब्यातल्या मथळ्यांची एक प्रत आणि मुलं जे शब्द शोधून थकतात ते शब्द, एवढं मला देत जावं. दोन्हींची सांगड मी घालेन, आणि आत भरायचं काम तेजस सर करतील. काही शब्द मला येणार नाहीत, तेव्हा तसं सांगेन. मालनबाईंसाठी फोटो सोबत जोडला आहे. तुझा, दशरथ ओहोळ."

"फोटो जुना आहे," हिरा म्हणाली. "यात केस आहेत. फाटकावर परत घोटाळा होईल."

म्हणून मी आधी चौकात जाऊन नवा फोटो काढून घेतला. तो पाकिटात घातला, डिंक लावला, तिकीट चिकटवलं आणि पोस्टाच्या पेटीपाशी गेलो. पाकिटाचं टोक आत सरकवून मी थोडा वेळ धरून ठेवलं होतं. मागं एक बाई भावाला राखी पाठवायला उशीर झाल्यासारखी घाई करत उभ्या होत्या, "आजोबा, टाकताय ना?" म्हणाल्या.

मी सोडलं. ते आत पडल्याचा आवाज आला.